डस्कमध्ये तोंड नसतं

नाटकाच्या थिएटरात उजेडाचं काम बघणाऱ्या त्या माणसाला सगळे फ्यूज म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण राग त्याच्या नाकावर असे आणि नाकही चांगलं ऐसपैस होतं. चहा गार आला तर कपबशीसकट परत जाई. एखादा नट ठरल्या जागेपासून दोन पावलं सरकून उभा राहिला, तर फ्यूज त्याला तसाच अंधारात ठेवी. नंतर नट भांडायला आला की म्हणे, 'मी दिवे लावतो. हरवलेली माणसं शोधत नाही.'

केस काळे होते तेव्हापासून तो तिथे होता. प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीत, बाल्कनीच्याही वर, एका माणसापुरती केबिन होती. समोर काच, काचेखाली उजेड कमीजास्त करायच्या सरकत्या बटणांची, म्हणजे फेडरची, फळी, खिळ्याला टॉवेल आणि एक फिरती खुर्ची, जी कधीच फिरत नसे. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं त्याला खपत नसे. माणूस कामाचा, पण तोंड म्हणजे गटार, असं थिएटरच्या मॅनेजरचं त्याच्याबद्दल मत होतं. मॅनेजर हा भला माणूस असल्यामुळे ते त्याने सौम्य करून सांगितलं होतं.

सगळ्या जगाशी त्याचं वाकडं होतं, पण वैर एकीशीच. ती त्याची सख्खी थोरली बहीण. कंपनीची मुख्य नटी, आणि लहानथोर सगळे तिला बाई म्हणत. एकाच छपराखाली दोघांचा जन्म गेला, तो दिवे लावत, ती त्या दिव्यांत उभी राहत, पण दोघांमधून विस्तव जात नसे. बोलायचं झालंच तर मॅनेजरमार्फत. तिघंही एकाच खोलीत असत. बाई म्हणत, 'त्यांना सांगा, दुसऱ्या अंकात खिडकीचा उजेड माझ्या डोळ्यांत जातो.' मॅनेजर वळून सांगे, 'बाई म्हणतात, उजेड डोळ्यांत जातो.' फ्यूज म्हणे, 'त्यांना सांगा, डोळे मिटा.' मॅनेजर पुन्हा वळे. त्या बिचाऱ्याची मान या घराण्याने झिजवली, असं लोक म्हणत.

वैराचं कारण जुनं होतं आणि सगळ्यांना माहीत होतं. त्यांची आई आजारी होती, शेजारीण तिच्याजवळ बसली होती, आणि ही दोघं प्रयोगाला आली होती. मध्यंतरात मॅनेजरकडे फोन आला की आई गेली. थोरली म्हणून त्याने बाईंना सांगितलं. बाईंनी तोंडावरून एकदा पदर फिरवला आणि म्हणाल्या, 'त्याला सांगू नका. पडदा पडू दे.' तिसरा अंक झाला. त्या दिवशी उजेड काही औरच जमून आला होता. फ्यूजचा हात असा कधी चालला नव्हता. पडदा पडल्यावर तो जिन्यावरून उड्या मारत खाली आला, खुशीत बहिणीचा खांदा हलवला आणि हसत विचारलं, 'ताई, कसा होता आजचा उजेड?' तेव्हा तिने त्याला सांगितलं.

आई गेली हे त्याने कधीतरी पोटात घातलं असतं. पण आई मेलेली असताना आपण हसत होतो आणि हिने आपल्याला हसू दिलं, हे त्याच्या घशाखाली कधी उतरलं नाही. त्या दिवसापासून त्याने डूख धरला. सुंभ जळला तरी पीळ जाईना.

आता नवं नाटक बसत होतं, आणि बाईंचं ते शेवटचं असणार हे भिंतींनाही ठाऊक होतं. वय झालं होतं. तेच काम पाठ करून बसलेली एक बदली नटी रोज विंगेत उभी राही आणि बाईंच्या प्रत्येक वाक्याबरोबर ओठ हलवी. बाई अडखळल्या, पडल्या, विसरल्या, तर दुसऱ्या दिवशी ती उभी राहणार होती. फ्यूजला नेमकं तेच हवं होतं. बाईंनी सगळ्यांसमोर तोंडावर पडावं आणि परत उठू नये, एवढीच त्याची या नाटकाकडून अपेक्षा होती.

नाटक बसवायला आलेली दिग्दर्शिका त्याच्या निम्म्या वयाची होती. परदेशात शिकून आलेली, बाह्या दुमडलेल्या, बोलणं मोजकं आणि कौतुक त्याहून मोजकं. रंगीत तालमीच्या आधी तिने फ्यूजला खाली रंगमंचावर बोलावलं आणि सांगितलं की तिसरा अंक म्हणजे एक अख्खी संध्याकाळ आहे. घर रिकामं झालंय, सामान बांधलंय, म्हातारी अंगणात बसलीय, मुलगा तिला न्यायला आलाय आणि ती उठत नाही. अंकभर दिवस मावळत जातो.

फ्यूज म्हणाला, त्यात काय, पिवळा काढतो, निळा टाकतो, लोक टाळ्या वाजवतात.

'मला एक संध्याकाळ नकोय, चार हव्यात,' ती म्हणाली आणि बोटांवर मोजत सांगायला लागली. सनसेट हा नुसता क्षण. सूर्य गेला, विषय संपला. मग ट्वायलाइट. सूर्य दिसत नाही, पण त्याचा उजेड आभाळात उरलेला असतो. त्यात माणूस पत्र वाचू शकतो आणि समोरच्याचा चेहराही वाचू शकतो. डस्क हा त्याच ट्वायलाइटचा काळोखाकडचा काठ. समोर कुणीतरी आहे एवढं कळतं, पण कोण आहे ते कळत नाही. आणि नाइटफॉल म्हणजे रात्र आली, आता दिवा लावा. ग्लोमिंग असा आणखी एक शब्द आहे, ती म्हणाली, पण तो गाण्यांतला. वेळ तीच, फक्त त्यात जीव लावलेला असतो. तो नको. या नाटकात कुणी कुणाला जीव लावत नाही.

फ्यूजचं टाळकं सरकलं. आपल्याकडे तिन्हीसांज आहे, कातरवेळ आहे, दिवेलागण आहे, ते शब्द काय मेले का, असं त्याने विचारलं. दिग्दर्शिका चिडली नाही, हे जास्त वाईट झालं. तिन्हीसांज मलाही आवडते, ती म्हणाली, कातरवेळ म्हटलं की पोटात कालवतं हे मलाही माहीत आहे. पण हे शब्द माणसाचं काय होतं ते सांगतात, किती दिसतं ते सांगत नाहीत. कातरवेळेला फेडर कितीवर ठेवणार, ते तुम्हीच सांगा. फ्यूजला ते सांगता येईना. आपल्याला उत्तर येत नाही आणि पोरीला येतं, या गोष्टीने त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने फळीवर पांढरी चिकटपट्टी लावून इंग्रजीत चारही शब्द लिहिले आणि प्रत्येकाखाली खूण केली. शेवटी म्हातारीचं मोठं भाषण येतं, ते डस्कमध्ये.

'म्हणजे बाईंचं तोंड दिसणार नाही?' फ्यूजने विचारलं.

'जेमतेम.'

'नक्की ना? नंतर मला बोल लावायचा नाही.'

ती म्हणाली, मी लिहून चिकटवलंय. आणि त्या क्षणापासून फ्यूजला डस्क हा शब्द मनापासून आवडू लागला. इतका की चहा पितानाही तो एकटाच तो शब्द म्हणून बघे.

पहिल्या प्रयोगापासून त्याने डाव साधला. दिग्दर्शिकेने डस्क काठावर ठेवला होता, त्याने तो रोज केसभर काठाच्या खाली ढकलला. उभा जन्म जिच्या चेहऱ्यासाठी लोक तिकीट काढत आले ती नटी आपल्या शेवटच्या नाटकातलं सगळ्यात मोठं भाषण एक काळी आकृती होऊन बोलू लागली. ओळी कानावर पडत, पण तोंड कुणालाच दिसत नसे. पडदा पडताच बाईंनी मॅनेजरला हाताशी घेऊन केबिनखालचा पॅसेज गाठला आणि वर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, 'त्यांना सांगा, मला तोंड आहे.'

वरून उत्तर आलं, 'त्यांना सांगा, डस्कमध्ये तोंड नसतं.'

पुढे हे रोजचंच झालं. बाईंना ग्लोमिंग हवं असेल तर दुसरं नाटक शोधा म्हणावं, असं तो एकदा म्हणाला. शब्द दिग्दर्शिकेचा, अक्षर तिचं, त्यामुळे त्याला कुणी धरू शकत नव्हतं. नियमावर बोट ठेवून गळा दाबायचा असेल तर असा, असं त्याचं त्यालाच कौतुक वाटे.

मग बाईंनी तक्रार करणं बंद केलं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पार बंदच. फ्यूजला वाटलं, जिरली. पण शत्रू गप्प झाला की माणसाला चैन पडत नाही, आणि फ्यूज तर रोज एका भांडणावर जेवणारा माणूस. तो काचेला नाक लावून बहिणीकडे आधीपेक्षा जास्त निरखून बघू लागला.

त्या तिसऱ्या अंकात म्हातारी चष्मा काढून ठेवते आणि मुलाशी बोलते. मुलाचं काम करणारा नट रोज अंगणातल्या खांबाला टेकून उभा राही. एका प्रयोगाला खांबाजवळची ट्रंक सरकून नेमकी त्याच्या जागेवर आली होती, म्हणून तो गडी सरळ दुसऱ्या टोकाला, फाटकाशी जाऊन उभा राहिला. त्या प्रवेशात त्याला काही बोलायचं नव्हतं. आणि बाई ते सगळं भाषण, मुलाच्या लहानपणापासूनचं, त्याच्या केसांचं, त्याच्या खोट्या तापाचं, खांबाकडे बघून बोलल्या. हात पुढे केला तोही खांबाकडे. प्रेक्षकांना आकृत्याच दिसत होत्या, त्यांना काही कळलं नाही. तो नट तर नंतर सांगत सुटला की बाईंनी आज काय जागा घेतली, मुलगा समोर असून त्याच्याकडे बघत नाहीत! फक्त केबिनमधल्या माणसाची नजर अंधाराला सरावलेली होती. त्याने ते पाहिलं आणि त्याचा हात फेडरवरच राहिला.

त्या दिवशी प्रयोगानंतर तो मुद्दाम पॅसेजमध्ये बाईंच्या वाटेत उभा राहिला. आजवर तो दिसला की बाई मान अशी फिरवत की मानेला उसण भरावी. या वेळी त्या भिंतीला बोटं लावत सरळ त्याच्या अंगावर चालत आल्या आणि हातभरावर थांबल्या.

'मॅनेजर, पाणी पाठवा आत,' त्या त्याला म्हणाल्या.

इतक्या वर्षांनंतरचा तिचा हा पहिला शब्द, आणि तोही दुसऱ्याच माणसासाठी. फ्यूज बाजूला झाला. त्याला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोला. हवं ते घबाड हातात आलं होतं. दिग्दर्शिकेच्या कानात एक वाक्य टाकायचं, की बदली नटी उद्या अंगणात बसली असती. तो तिच्या खोलीपर्यंत गेलाही. दारावर हात ठेवला आणि मग काय वाटलं कोण जाणे, तसाच फिरून बाईंच्या मेकअप रूममध्ये घुसला. आधी हिला तोंडावर सांगू, मग तिकडे जाऊ, असा त्याचा हिशेब होता. सूड घ्यायचा आणि ज्याच्यावर घेतला त्याला कळू द्यायचं नाही, हे त्याला पटण्यासारखं नव्हतं.

बाई आरशाकडे पाठ करून बसल्या होत्या. आरशाचा त्यांना उपयोग उरला नव्हता, हे त्याला आता कळलं. तोंडावरचा रंग त्या बोटांनी चाचपून पुसत होत्या.

'तुला दिसत नाही,' तो म्हणाला.

बाईंचा हात थांबला नाही. 'आवाज तोच आहे तुझा. कर्कश.'

किती दिवस, त्याने विचारलं. काचबिंदू आहे, त्यांनी सांगितलं, कडेकडेने सगळं गेलं, आता मधलाही ठिपका जातोय. डॉक्टरांनी हात टेकले. पहिले दोन अंक निभतात, कारण तिथे त्या टेबलाशी बसून असतात आणि डोळ्यांवर चष्म्याची काच चमकते. तिसऱ्यात चष्मा काढावा लागतो. भरल्या उजेडात तो अंक झाला असता तर तालमीतच लोकांना कळलं असतं की म्हातारीचे डोळे कुणाकडेच बघत नाहीत.

'तू सूड म्हणून अंधार दिलास,' बाई म्हणाल्या. 'तो माझ्या पथ्यावर पडला. सुरुवातीला तक्रार केली ती दाखवायला. नाहीतर तुलाच संशय आला असता.'

फ्यूज पेटला. म्हणजे आपण रोज इतक्या प्रेमाने हिचा गळा दाबत होतो आणि ही श्वास घेत होती! त्याने सांगून टाकलं की तो आत्ताच्या आत्ता दिग्दर्शिकेकडे जाऊन सगळं सांगणार आहे.

'सांग. मी पाया पडणार नाही. या नाटकाचे प्रयोग संपेपर्यंत मला उभं राहायचं होतं, एवढंच. मी एक गोष्ट तुझ्यासाठी एक अंकभर पोटात ठेवली होती. तुला एक ठेवता येत नसेल तर जा.'

'माझ्यासाठी?' त्याचा आवाज फुटला. 'आई मेली होती आणि मी हसत खाली आलो. सगळ्यांसमोर. तू हसू दिलंस मला.'

'हो, दिलं. घरी जाऊन तू काय केलं असतंस? प्रेतच होतं तिथे. इथे तुझी आई आणखी एक अंक जिवंत होती. माझी मेली होती. तरी मी तुझ्या उजेडात उभी राहिले.'

'कुणी सांगितलं होतं तुला?'

'कुणीच नाही,' बाई म्हणाल्या. 'थोरली होते.'

तो दार आपटून निघून गेला. दिग्दर्शिकेकडे मात्र गेला नाही. केबिनमध्ये जाऊन त्या न फिरणाऱ्या खुर्चीत बसला आणि बहिणीला शिव्या देत राहिला. तिला आपण माफ केलं आहे, असं त्याला तेव्हाही वाटलं नाही. तिने विचारायला हवं होतं. आई दोघांची होती.

पुढचे काही प्रयोग त्याने डस्क अगदी खुणेवर ठेवला. वर नाही, खाली नाही. कुणाला फरक कळला नाही.

आणि मग दिग्दर्शिकेने तिसऱ्या अंकाचा उजेड बदलला. मागच्या रांगांतले लोक रोज कुरकुरत होते, एका वर्तमानपत्राने लिहिलं होतं की एवढी मोठी नटी आणि चेहरा अंधारात, हे प्रेक्षकांचे पैसे बुडवणं आहे. तिने दुपारच्या खेळाआधी सगळ्यांना रंगमंचावर जमवलं आणि सरळ सांगितलं की चूक तिची होती. भाषण डस्कमध्ये नको, ट्वायलाइटमध्ये हवं. म्हातारीचा चेहरा लोकांना वाचता आला पाहिजे, डोळ्यांसकट. चिकटपट्टीवरची खूण तिने स्वतः वर जाऊन बदलली.

'झालं तुमच्या मनासारखं, बाई,' मॅनेजर खूश होऊन म्हणाला. बाईंनी मान डोलावली. हातातल्या रुमालाचा मात्र त्यांनी बोळा केला होता.

फ्यूज म्हणाला, डस्क म्हणजे डस्क. एकदा ठरलं ते ठरलं. दिग्दर्शिकेने त्याच्याकडे बघितलं आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं बोलली. माझा शब्द तुम्ही माझ्याविरुद्ध वापरलात, ती म्हणाली, रोज खुणेखाली जात होतात, मला काय दिसत नव्हतं? आज ट्वायलाइट दिला नाहीत तर उद्या त्या खुर्चीत दुसरा माणूस बसेल. ती खोटं बोलत नव्हती आणि अन्यायही करत नव्हती. फ्यूजची लायकी तिने बरोबर ओळखली होती, फक्त ओळखायला दोन आठवडे उशीर झाला होता.

प्रयोग सुरू झाला. तिसऱ्या अंकात सूर्य गेला, आभाळ उरलं, बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि भाषणाला तोंड फोडलं. दिग्दर्शिका विंगेतून हेडफोनमध्ये म्हणाली, 'ट्वायलाइटवर थांबा. तिथेच.' फ्यूजच्या बोटाखाली फेडर होता. हात नुसता स्थिर ठेवायचा होता, की ज्याची त्याने इतकी वर्षं वाट बघितली ते होणार होतं. पाचशे माणसं आणि विंगेतली ती ओठ हलवणारी पोरगी, सगळ्यांना एकदम कळणार होतं.

त्याने फेडर खाली ओढला. ट्वायलाइट गेला, डस्क आला, आणि त्याने डस्कही खाली नेला. कानात दिग्दर्शिका ओरडू लागली तसा त्याने हेडफोन काढून टॉवेलखाली ठेवला. खाली काळ्या आकृतीचा आवाज एका क्षणासाठी थबकला. तिला उजेड दिसत नसला तरी गालावरची ऊब कमी झालेली कळली असणार. मग भाषण पुढे सुरू झालं आणि शेवटपर्यंत गेलं.

पडदा पडल्यावर त्याला खाली बोलावलं गेलं नाही, ओढून आणलं गेलं. मुलाचं काम करणाऱ्या नटाने त्याची कॉलर धरली होती. रंगमंचावर सगळी कंपनी उभी होती, मधोमध बाई, अजून म्हातारीच्या वेशात. दिग्दर्शिकेने एकच विचारलं, का?

तो खरं सांगू शकत नव्हता. मग त्याने जुनं खरं सांगितलं. 'माझी आई मेली तेव्हा या बाईने मला हसू दिलं,' तो म्हणाला. 'हिचं तोंड लोकांनी शेवटचं बघू नये, असं मला वाटलं. नाही बघू दिलं.'

मॅनेजरनेसुद्धा तोंड फिरवलं. सख्ख्या बहिणीच्या म्हातारपणी, तिच्या शेवटच्या नाटकात! बदली नटीला रडू आलं. दिग्दर्शिका म्हणाली, तुमचं सामान उचला, आणि बाई, उद्यापासून उजेडाला नवा माणूस येतोय, भाषण ट्वायलाइटमध्येच होईल, मी शब्द देते.

बाईंनी मान ताठ केली. मग मोठ्या नटीच्या आवाजात, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा, म्हणाल्या, 'उद्या मी नाही. घरच्या माणसाने माझी अशी शोभा केल्यावर मी या रंगमंचावर पाय ठेवणार नाही. काम या मुलीला द्या.' सगळे विनवू लागले. बाई बधल्या नाहीत. फ्यूज बघत राहिला. हिला बाहेर पडायला दार हवं होतं आणि ते हिने त्याच्या तोंडून निघालेल्या शिवीतून काढलं होतं. आता कुणी तिची कीव करणार नव्हतं. लोक थुंकणार होते ते त्याच्यावर.

मॅनेजर हात द्यायला पुढे झाला. रागाने निघालेली बाई कुणाचा हात धरणार? त्यांनी तो झटकला, पदर खोचला आणि तरातरा निघाल्या. मात्र पडदा आता वर ओढलेला होता, आणि विंग होती डावीकडे, तर बाई निघाल्या सरळ समोर, रंगमंचाच्या कडेकडे. कडेखाली खुर्च्या होत्या.

'तिकडे कुठे निघालीस?' फ्यूज कडाडला. 'लोक गेले सगळे, आता कुणाला तोंड दाखवतेस? तुझी जागा विंगेत आहे, डाव्या बाजूला!'

बाई पाऊल उचललेल्या तशाच थांबल्या आणि डावीकडे वळल्या. 'मला जागा दाखवणारा तू कोण?'

कॉलर धरणाऱ्या नटाचा हात झिडकारून फ्यूज धावत पुढे गेला आणि तिच्यापुढे पाय आपटत चालू लागला. 'दोरखंड पडलाय, उचल पाय! पडशील आणि माझ्या नावाने बोंब मारशील.'

'तुझं नाव घ्यायला जीभ विटाळेल माझी.'

'आता तरी सोडा हो त्यांना,' बदली नटी मागून रडत म्हणाली. त्याने सोडलं नाही. पॅसेजभर त्यांचे आवाज घुमत गेले. मागच्या जिन्यावरचा दिवा गेलेला होता, तिथे तर तो जास्तच खेकसायला लागला. जिना आहे, म्हातारे, उजव्या हाताला कठडा आहे तो धर, नाहीतर फुकटची मरशील. वळणाची पायरी अरुंद आहे, तुझ्या मनासारखी. बाई वरून त्याच्या प्रत्येक शिवीला शिवी देत एकेक पायरी उतरत होत्या. वर कंपनी कानकोंडी होऊन उभी होती. इतका नीच माणूस आपण बघितला नाही, असं दिग्दर्शिका मॅनेजरला म्हणाली, आणि त्यावर त्या भल्या माणसाने या वेळी काहीच सौम्य केलं नाही.

रस्त्यावर आल्यावर ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. गाड्या जात होत्या, दुकानांच्या पाट्या उजळत होत्या. तिने हात पुढे केला नाही आणि त्याने धरला नाही. तो चार पावलं पुढून चालत होता, खड्डा आला की खड्ड्याच्या आईबापाचा उद्धार करत होता, आणि मागून ती उत्तरं देत येत होती. दमून त्याचा घसा बसला, तरी तो गप्प होईना. तो गप्प झाला असता तर ती भर रस्त्यात उभी राहिली असती.